घराचा फोटो एक पावसाळा उलटल्यावर काढा

घराचे फोटो काढायची एक ठरलेली वेळ असते. रंगाचा शेवटचा हात सुकलेला असतो, सुतार आपली हत्यारं गुंडाळून गेलेले असतात, साफसफाईवाल्यांनी काचांवरचे रंगाचे ठिपके ब्लेडने खरवडलेले असतात आणि घरमालकाचं सामान अजून जुन्या घरी खोक्यांतच असतं. मधल्या त्या दोन-चार दिवसांत आर्किटेक्ट किंवा इंटिरियर डिझायनर फोटोग्राफरला बोलावून घेतात. घर पुरं झालंय आणि तरी त्यात कोणी राहत नाही, ही अवस्था पुन्हा कधी येत नाही. मासिकांत, इन्स्टाग्रामवर, पुरस्कारांच्या अर्जांत आपण ‘सुंदर घर’ म्हणून जे बघतो, ते बहुतेक वेळा या दोन-चार दिवसांतलं असतं.

माझ्या मते ही वेळच चुकीची आहे. राहत्या घराचा फोटो प्रसिद्धीसाठी किंवा पुरस्कारासाठी काढायचा असेल, तर माणसं राहायला येऊन एक पूर्ण पावसाळा उलटल्यावर काढावा. त्याआधीचा फोटो आर्किटेक्टने आपल्या संग्रहात जरूर ठेवावा, पण त्यावरून घर चांगलं की वाईट हे कोणी ठरवू नये. कोणी म्हणेल, ज्याचं घर, ज्याचा कॅमेरा, तुम्हाला काय करायचंय? करायचं एवढ्याचसाठी की या फोटोंवरून पुढची घरं ठरतात. नवीन फ्लॅट घेतलेलं जोडपं आज डिझायनरकडे जातं ते मोबाइलमध्ये स्क्रीनशॉट घेऊनच. ‘असं हवंय’ म्हणून ते दाखवतात. त्या स्क्रीनशॉटमध्ये काय आहे यापेक्षा काय काढून टाकलंय, हे कळणं जास्त गरजेचं आहे.

काय काढून टाकतात ते मी एकदा दिवसभर बसून पाहिलंय. पुण्यात, कोथरूडला, ओळखीच्यांच्या फ्लॅटचं नूतनीकरण झालं होतं. घरात म्हाताऱ्या आजी, त्यामुळे ती मंडळी दुसरीकडे जाऊन राहू शकली नव्हती. काम संपताच सामान लागलं होतं. म्हणजे शूटसाठी राहतं घर रिकामं करायचं होतं. सकाळी सातला फोटोग्राफर आला, बरोबर दोन मदतनीस आणि एक स्टायलिस्ट. पहिल्यांदा चपलांचा स्टँड जिन्यात गेला. मग कपडे वाळत घालायचा स्टँड, मिक्सर, पोळ्यांचा डबा, फ्रीजवरची औषधांची पेटी, भिंतीवरचं कालनिर्णय. डायनिंग टेबलावर लोणच्या-चटण्यांच्या बरण्यांचा ट्रे होता, त्याच्या जागी लिंबांनी भरलेला मोठा चिनी मातीचा वाडगा आला. वॉटर प्युरिफायर भिंतीवरून निघेना, तर ओट्याच्या त्या बाजूचा फोटोच घ्यायचा नाही असं ठरलं. आजींची आरामखुर्ची बेडरूममध्ये कोंबली आणि आजींना शेजारी बसायला पाठवलं.

मला सगळ्यात खटकलं ते बाथरूममध्ये. तिथे कमोडशेजारी स्टीलचा आधाराचा दांडा बसवला होता. आजींच्या उंचीला नेमका, भिंतीत खोलवर पक्का, ओल्या हातानेही निसटू नये म्हणून जरा खरबरीत केलेला. त्या अख्ख्या घरात सर्वांत विचार करून केलेली गोष्ट कुठली असेल तर ती हीच. फोटोग्राफरने डिझायनरला विचारलं, ‘याचं काय करायचं?’ डिझायनर म्हणाली, ‘नंतर काढून टाकू.’ म्हणजे कॉम्प्युटरवर पुसून टाकू. तसा तो पुसलाही गेला. संध्याकाळी आजी परत आल्या, खुर्ची जागेवर आणून घेतली आणि वाडग्यातली लिंबं लोणच्यासाठी ठेवून घेतली. एवढी शहाणी वागणूक त्या दिवशी दुसऱ्या कोणाची दिसली नाही.

यात फोटोग्राफरची लबाडी होती असं मी म्हणणार नाही. ते काम अवघड आहे आणि चांगले फोटोग्राफर ते जिवापाड करतात. कॅमेरा छातीच्या जरा खाली ठेवायचा, पातळीत ठेवायचा, म्हणजे भिंतींच्या उभ्या रेषा उभ्याच राहतात. त्यासाठी टिल्ट-शिफ्ट लेन्स असते, जिचा पुढचा भाग सरकवून कॅमेरा न वाकवताही छत चौकटीत आणता येतं. खोलीतला उजेड आणि खिडकीबाहेरचा उजेड यांत इतका फरक असतो की एका एक्स्पोजरमध्ये दोन्ही मावत नाहीत. म्हणून एकाच जागेवरून कमी-जास्त प्रकाशाचे अनेक फोटो घेऊन नंतर ते एकमेकांवर बसवतात. सूर्य मावळल्यावर आकाश निळं-जांभळं असतं आणि घरातले दिवे पिवळे दिसतात, त्या वीस-पंचवीस मिनिटांची वाट बघत सगळी टीम अंगणात उभी असते. या प्रत्येक युक्तीत कौशल्य आहे, आणि प्रत्येक युक्ती आपल्याला डोळ्यांना कधीच दिसत नाही असं काही दाखवते. वाइड लेन्स खोलीच्या अगदी कोपऱ्यात पाठ टेकवून लावली की दहा बाय दहाची खोली दिवाणखान्याएवढी वाटते. त्या कोपऱ्यात प्रत्यक्षात कपाट येणार असतं.

ही परंपरा आजची नाही आणि आपलीही नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीला लॉस एंजेलिसमध्ये एका मासिकाने नमुनेदार आधुनिक घरांचा मोठा उपक्रम चालवला, 1945 पासून. त्यातलं बावीस क्रमांकाचं घर पिअर केनिग या आर्किटेक्टने स्टाल कुटुंबासाठी डोंगराच्या कड्यावर बांधलं. 1960 मध्ये ज्युलियस शुलमनने त्याचा जो फोटो काढला, तो विसाव्या शतकातल्या घरांच्या फोटोंमधला बहुधा सर्वांत प्रसिद्ध फोटो असेल. काचेची खोली कड्याबाहेर तरंगतेय, आत पांढऱ्या झग्यातल्या दोन तरुणी गप्पा मारत बसल्यात, खाली शहराचे दिवे पसरलेत. शहराचे दिवे उमटावेत म्हणून त्याने आधी अंधारात लांबलचक एक्स्पोजर दिलं आणि मग खोलीतला फ्लॅश उडवला. त्या तरुणी त्या घरच्या नव्हत्या, बोलावून बसवल्या होत्या. पुढे स्टाल दांपत्याने तिथे तीन मुलं वाढवली. कड्यावरच्या काचेच्या घरात तीन मुलं वाढवणं म्हणजे काय असेल, हा प्रश्न मला त्या फोटोपेक्षा कितीतरी रंजक वाटतो. पण जगाला ठाऊक आहे ते मुलं यायच्या आधीचं घर. हाच शुलमन ज्या घराभोवती बाग अजून रुजलेली नाही, तिथे तोडलेल्या फांद्या लेन्ससमोर धरून झाडांचा भास उभा करायचा. आजचे वाळक्या गवताचे तुरे आणि लिंबांचे वाडगे त्या फांद्यांच्याच वंशातले.

आणि पाऊस? पॅरिसजवळ पॉसी इथे आर्किटेक्ट ल कॉर्ब्युझिएचं व्हिला साव्हॉय हे घर 1931 मध्ये पुरं झालं. खांबांवर उचललेली पांढरी पेटी, आडव्या पट्टीसारख्या खिडक्या, सपाट गच्ची. त्याचे फोटो जगभरच्या आर्किटेक्चर कॉलेजांत गेले, आपल्याकडेही आले. आज ती जागतिक वारसा आहे. ज्या बाईंनी हे घर आपल्यासाठी बांधून घेतलं, त्या मादाम साव्हॉय त्याच दशकात आर्किटेक्टला पत्रावर पत्र पाठवत होत्या, की छत गळतंय, भिंती भिजल्यात, घर राहण्याजोगं करून द्या. फोटोला गळती लागत नाही. कोरड्या दिवशी काढलेल्या त्या पांढऱ्या पेटीने सपाट छताची आणि पागोळी नसलेल्या भिंतीची जी मोहिनी घातली, ती आपल्या देशात, जिथे चार महिने पाऊस कोसळतो, तिथे आजवर उतरलेली नाही.

कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. जुन्या घरांना उतरती कौलं, भिंतीच्या बरीच पुढे आलेली पाखी, पडवी असायची, आणि पावसाळ्याच्या तोंडावर पडवीला झावळ्यांचे झाप बांधले जायचे ते हौस म्हणून नव्हे. झापांनी घर अंधारं व्हायचं, दिसायला काहीतरीच व्हायचं, पण चिऱ्याची भिंत कोरडी राहायची. आता रत्नागिरी-सिंधुदुर्गापासून अलिबागपर्यंत जे नवे बंगले होतात, त्यांच्या समोरच्या भिंतींवर छज्जा नसतो. छज्जा आला की फोटोतली सरळ रेष तुटते. मग पहिल्या पावसात खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून ओल उतरते, दुसऱ्या पावसात प्लायवुडचं कपाट फुगतं, तिसऱ्या वर्षी मालक वरून पत्र्याची शेड ठोकतो. मग आर्किटेक्ट म्हणतो, लोकांना सौंदर्यदृष्टीच नाही. शेड कुरूप असते, हे कबूल. पण ती तक्रारीचं उत्तर म्हणून आलेली असते, आणि तक्रार मूळ नकाशाबद्दल असते.

फोटोमुळे घरं कशी बदलली, हे स्वयंपाकघरात उभं राहून पाहावं. ओपन किचन फोटोत फार खुलतं, कारण एका चौकटीत तीन खोल्या मावतात. फोटोला फोडणीचा ठसका लागत नाही आणि सुकटीचा वास सोफ्याच्या कापडात मुरतो हेही त्यात येत नाही. हँडल नसलेली शटरं गुळगुळीत दिसतात. कणकेच्या हाताने ती उघडून बघावीत. उघड्या फळ्यांवर मांडलेल्या पाच एकसारख्या बरण्या छान दिसतात, आणि महिन्याचं वाणसामान मावायला जागा राहत नाही. गॅसचा सिलिंडर, इन्व्हर्टर, पाणी जाईल म्हणून भरून ठेवलेला पिंप, डासांची जाळी, खिडकीची ग्रिल यांना फोटोत जागा नसते, म्हणून हळूहळू नकाशातही राहत नाही. ती माणसं राहायला आल्यावर आपली आपण येतात, आणि मग ‘नंतर लोकांनी घर बिघडवलं’ असं म्हटलं जातं. चांगल्या डिझायनरने सिलिंडरची जागा काढावी, ती हवेशीर आणि देखणी असावी, यात कौशल्याला भरपूर वाव आहे. पण जे कॅमेऱ्यासमोर येणारच नाही, त्यासाठी डोकं कोण चालवणार?

‘बिघडवलं’ या तक्रारीवर सर्वांत चोख उत्तर आपल्याच राज्यात उभं आहे. बेलापूरला चार्ल्स कोरिया यांनी 1980 च्या दशकात कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी जी वसाहत रचली, आज जिला आर्टिस्ट व्हिलेज म्हणतात, तिचे फोटो वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतात. पांढरी भिंत, उतरतं कौलारू छप्पर, सात घरांच्या मध्ये आठ मीटर बाय आठ मीटरचं अंगण, अंगणात पोरं. ते फोटो बघून लोकलने बेलापूरला उतरणारे विद्यार्थी पुष्कळदा हिरमुसले होऊन परततात. कौलं दिसत नाहीत. तीन मजली आरसीसीची घरं, बाहेरून लावलेल्या टाइल्स, स्टीलचे कठडे, ग्रिलमधल्या कुंड्या दिसतात. मूळ रूपातली घरं शोधावी लागतात.

मला हा अपयशाचा पुरावा वाटत नाही. कोरियांनी प्रत्येक घर दुसऱ्या घराच्या भिंतीला न चिकटवता स्वतंत्र ठेवलं होतं, ते याचसाठी की ज्याला जेव्हा जमेल तेव्हा त्याने शेजाऱ्याला न विचारता वाढवावं. लोकांनी तसंच केलं. ज्याने एका खोलीपासून सुरुवात केली, त्याच्या नातवंडांना आज स्वतंत्र खोल्या आहेत. मधली अंगणं टिकली आहेत, तिथे अजून माणसं संध्याकाळी बसतात. म्हणजे आराखड्यातली जी गोष्ट सर्वांत मोलाची होती ती राहिली आणि जी फोटोत सर्वांत देखणी होती ती गेली. आता यातल्या कुठल्या घराचा फोटो पाठ्यपुस्तकात हवा? माझं मत विचाराल तर दोन्ही, शेजारी-शेजारी, खाली वर्ष लिहून. इंदूरच्या अरण्य वसाहतीबद्दलही हेच म्हणेन. ती पुण्यात जन्मलेल्या आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींची. तिथेही माणसांनी जोतं आणि एका खोलीपासून घरं वाढवत नेली.

शिवाय, ‘सुंदर रचलेलं घर’ म्हणून कॅमेरा कुठे वळतो, हाही प्रश्न आहेच. मुंबईच्या बीडीडी चाळींमधली खोली 160 चौरस फुटांची. त्यात सात-आठ माणसं राहिली, मुलं शिकली, बाळंतपणं झाली, गणपती बसले. मोरीच्या कठड्याची उंची, पोटमाळ्यावर कुठल्या बाजूने चढायचं, दिवसा गाद्या कुठे जातात, दाराच्या मागच्या खुंट्यांवर कोणाचं काय, अभ्यासाची फळी पलंगाखालून कशी सरकते, या प्रत्येक गोष्टीत इंच-इंच मोजून केलेला विचार होता. आता पुनर्विकासात त्यांना 500 चौरस फुटांचे फ्लॅट मिळतायत, मिळायलाच हवेत. चाळीतल्या दाटीवर प्रेम करायला मी सांगत नाहीये. पण त्या खोल्यांच्या आतली मांडणी डिझाइन म्हणून, प्लॅनसकट, मापांसकट कोणी नीट टिपली? चाळीचे फोटो पुष्कळ निघाले, पण बाहेरून. लाकडी कठडे, वाळणारे कपडे, जिन्यातला उजेड. आतल्या बुद्धीचे फोटो फार थोडे.

उलट टोकाला अलिबागची शनिवार-रविवारची घरं. त्यांतली काही खरोखर अप्रतिम आहेत. नांदगावच्या माडांच्या वाडीत स्टुडिओ मुंबईच्या बिजॉय जैन यांनी 2007 मध्ये पुरं केलेलं पामायरा हाउस बघा. दोन लांबट लाकडी खोकी, मध्ये अंगण, ताडाच्या लाकडाच्या पट्ट्यांच्या झडपा, आत चाळून आलेला उजेड. ते घर वास्तुकलेच्या आगाखान पुरस्काराच्या अंतिम यादीतही पोचलं होतं. अशा घराच्या फोटोचं मला वावडं नाही. पण समुद्रकाठच्या दमट हवेत लाकडी घराला सतत माणसाचा हात लागतो. कोणीतरी झडपा पुसतं, पावसाआधी तेल लावतं, वाळवी बघतं. कोकणातल्या प्रत्येक अशा घराला राखणदार असतो, त्याचं कुटुंब असतं, त्याची खोली असते. ती खोली कधी फोटोत पाहिलीत? तिचा प्लॅन पाहिलात? आर्किटेक्टने ती मालकाच्या खोलीइतक्याच आस्थेने केली असेल तर ते जगाला दाखवायला हवं, आणि केली नसेल तर तेही दिसायला हवं.

यावर आक्षेप येतात, आणि सगळेच उडवून लावण्यासारखे नाहीत. एक म्हणजे, लग्नाच्या फोटोत नवरीचे सकाळचे विस्कटलेले केस कोणी मागत नाही, मग घराकडून का मागता? कारण लग्नाचा अल्बम कोणी पुढच्या लग्नाचा नकाशा म्हणून वापरत नाही, आणि त्यावर परीक्षक पुरस्कारही देत नाहीत. दुसरा आक्षेप जास्त जातिवंत आहे: प्रमाण, उजेड, वस्तूंचा पोत या गोष्टी पसाऱ्यात दिसत नाहीत, त्यासाठी जागा मोकळी करावीच लागते. खरं आहे. चंदीगडमध्ये ल्युसियाँ एर्वे या फोटोग्राफरने काढलेले सावल्यांचे फोटो बघताना तिथे कोणाची चप्पल हवी होती असं मला वाटत नाही. पण त्या कामासाठी रेखाचित्रंही आहेत. प्लॅन आणि सेक्शन, म्हणजे घराचा उभा छेद, फोटोशेजारी छापले की खोली किती रुंद, खिडकी कुठल्या दिशेला, ओटा किती उंच, हे कळतं आणि वाइड लेन्सची फुगवट आपोआप उतरते. सजावटीच्या मासिकांत प्लॅन क्वचितच छापतात. वाचकाला कळत नाही, असं कारण देतात. ज्या वाचकाने फ्लॅट घेताना बिल्डरचा नकाशा महिनाभर उशाशी ठेवलेला असतो त्याला प्लॅन कळत नाही, यावर माझा विश्वास नाही.

तिसरा आक्षेप मात्र मला थांबायला लावतो. घरातल्या माणसांनाच आपला पसारा जगाला दाखवायचा नसतो. देवघर, औषधं, मुलांची नावं असलेलं प्रमाणपत्र, कोपऱ्यातली चाकाची खुर्ची. रिकाम्या घराचा फोटो त्यांची लाज राखतो. हे पूर्णपणे मान्य. पण मग त्यांच्या मर्जीला आजच्या व्यवहारात खरंच किती किंमत आहे? आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे इमारतीचा फोटो काढला म्हणून आर्किटेक्टच्या हक्काचा भंग होत नाही. आणि पैसे देऊन फोटो काढवून घेतला असेल, तर वेगळा करार नसताना त्याचा पहिला मालक ज्याने काढवून घेतला तो. शूटचे पैसे बहुतेक वेळा आर्किटेक्ट किंवा डिझायनर देतो. म्हणजे घर माझं, हप्ते माझे, बेडरूम माझी आणि तिचा फोटो दुसऱ्याचा. तो कुठे छापायचा, कुठल्या टाइल कंपनीच्या जाहिरातीला द्यायचा, किती वर्षं वापरायचा, यावर माझ्या सहीचा एखादा कागद असला तर असतो. कामाच्या करारात या विषयाला एक वेगळं कलम हवं. काय टिपायचं, काय नाही, कुठे वापरायचं, आणि कधी थांबवायचं. चेहरे नकोत तर नकोत; वापरल्याच्या खुणा चालतील का, हे घरच्यांना विचारता येतं. कोथरूडच्या आजींना तो दांडा दाखवायला काहीच हरकत नव्हती. त्यांना विचारलंच नव्हतं.

न विचारण्याची ही सवय रस्त्यावर आली की काय होतं, ते पणजीच्या फोंताइन्यासमध्ये दिसतं. निळ्या-पिवळ्या भिंती, शिंपल्यांच्या खिडक्या, दारापुढचे बसायचे बाल्कांव, त्यांच्यासमोर पोझ देणारे पर्यटक आणि लग्नाआधीच्या शूटचे ताफे. घराच्या पायरीवर अनोळखी माणूस बसलेला, दार उघडलं तर ‘जरा आत जाता का, फ्रेममध्ये येताय’ असं ऐकायला मिळणार. तिथल्या रहिवाशांनी दारांवर ‘फोटो काढू नका’ अशा पाट्या लावल्या त्या उगाच नाहीत. देखण्या घरात राहणारा माणूस ही त्या देखणेपणातली अडचण आहे, असं आपण सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलंय.

बिल्डरांच्या जाहिरातींबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिथे निदान कायदा आहे. बांधकाम व्यवसायावर नियंत्रण ठेवणाऱ्या 2016 च्या रेरा कायद्यात बाराव्या कलमाने जाहिरात, माहितीपत्रक किंवा नमुना फ्लॅट पाहून पैसे भरणाऱ्याची, ती माहिती खोटी निघाली आणि त्याचं नुकसान झालं, तर भरपाई करून द्यायची जबाबदारी बिल्डरवर टाकली आहे. कार्पेट एरियाची व्याख्याही त्याच कायद्याने पक्की केली. ऑगस्ट 2023 पासून महारेराने, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाने, जाहिरातींवर क्यूआर कोड सक्तीचा केला. तरी नमुना फ्लॅटमध्ये दारं बसवलेली नसतात आणि पलंग जरा आखूड असतो, हे बघायला टेप घेऊन जावं लागतं. आणि आता तर फोटो, कॉम्प्युटरवर तयार केलेलं रेंडर आणि एआयने रचलेलं चित्र यांत फरकच ओळखू येत नाही. तीनही प्रकारांवर ठळक अक्षरांत काय आहे ते लिहावं, कोपऱ्यात मुंगीच्या अक्षरांत ‘कलाकाराची कल्पना’ असं नको, एवढं महारेराला आजही करता येईल.

मासिकं आणि पुरस्कार समित्यांना मात्र कायद्याची वाट बघायचं कारण नाही. नमुना समोर आहे. आगाखान पुरस्काराच्या निकषांत इमारत निदान वर्षभर वापरात असली पाहिजे, अशी अट आहे, आणि अंतिम यादीतल्या प्रत्येक इमारतीकडे समिती आपला माणूस पाठवते. तो तिथल्या वापरणाऱ्यांशी बोलतो, कागदपत्रं तपासतो. अरण्यला 1995 मध्ये हा पुरस्कार मिळाला. आपल्याकडच्या अनेक पुरस्कारांना अर्ज, दहा फोटो आणि प्रवेशशुल्क एवढं पुरतं. परीक्षक घर न बघता घराला बक्षीस देतात. त्या अर्जात दोन ओळी वाढवल्या तरी पुष्कळ फरक पडेल: निम्मे फोटो लोक राहायला आल्यावर एका पावसाळ्यानंतरचे हवेत, आणि प्लॅन हवा.

याला व्यवसायातली मंडळी लगेच म्हणतात, दुसऱ्या शूटचा खर्च कोण करणार? चांगला फोटोग्राफर दिवसाला भरपूर घेतो, आणि वर्षभराने मालक आत घेईलच असं नाही. पहिला मुद्दा सोपा आहे. दोन शूट करायची गरज नाही, एकच करा, उशिरा करा. तरुण आर्किटेक्टना वर्षभर थांबणं परवडत नाही, पुढचं काम फोटोवर मिळतं, हे मला मान्य आहे. त्यांनी आपल्या पानावर हवे तेव्हा हवे तसे फोटो टाकावेत, अट बक्षिसाला आणि मासिकातल्या लेखाला असावी. दुसऱ्या मुद्द्याबद्दल मात्र माझी सहानुभूती नाही. ज्या मालकाला वर्षभराने आर्किटेक्टला घरात घ्यावंसं वाटत नाही, त्याच्या घराचा फोटो समितीकडे नाही गेला तरी चालेल.